लाली उतरली तेव्हा

हे मी आजवर कोणापाशी बोललो नाही. पत्नीपाशी कदाचित बोललो असतो — पण ती त्याआधीच गेली. मुलापाशी? बापाने मुलापाशी असले काही बोलावे, अशी आमच्या घरची रीत नाही. राहिलात तुम्ही. तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असता, तर हे कागदावर उतरले नसते. मन हलके करण्यासाठी मी लिहीत आहे, असेही समजू नका. मन हलके होणे वगैरे गोष्टींवर माझा विश्वास नाही.

आधी इतरांचे खोडून काढतो. ती माझी जुनी सवय आहे. गावात मला भांडकुदळ म्हणतात आणि मला त्याचे वाईट वाटत नाही. चुकीचे ऐकून गप्प बसणे मला जमत नाही — निदान तसा माझा लौकिक आहे.

माझी सून सविता हिचा डावा डोळा गेला. बुबुळावर फूल पडले, असे आमच्याकडे म्हणतात. तो कसा गेला, हे गावात प्रत्येकाला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. माझा मुलगा माणिक, ज्याचे पिंगळीत बियाण्यांचे दुकान आहे, तो म्हणतो की फवारणीचे औषध उडाले. साफ चूक. काढणीला आलेल्या करडईवर कोण फवारतो? औषधे विकणाऱ्याला एवढेही कळू नये? सविताची आई पालमची. ती म्हणते, लेकीला भर उन्हात करडई काढायला जुंपली आणि उष्णता डोळ्यात उतरली. हेही चूक. करडई उन्हात काढतच नाहीत. पहाटेच्या दवाने काटे नरम पडतात, तेवढ्या वेळात काढून घेतात. ऊन चढले की तोच काटा सुईसारखा होतो. सविता पहाटेच गेली होती, हातापायांना जुन्या धोतराची फडकी गुंडाळून, डोक्याला पदर घट्ट बांधून. उघडे राहिले होते ते फक्त डोळे.

आणि मग साऱ्या गावाची कथा — गयाबाईच्या जिभेने डोळा घालवला.

ही कथा मी खोडून काढत नाही, याचे तुम्हाला नवल वाटले का? गावातल्या कोणालाच कधी वाटले नाही.

मी कोण, ते सांगायला हवे. परभणीजवळच्या एका संशोधन क्षेत्रावर माझी उभी नोकरी झाली — पिकांच्या रोगांच्या शाखेत. आमच्याकडे ‘सिक प्लॉट’ असायचा. म्हणजे असा वाफा, की ज्याच्या मातीत मर रोगाची बुरशी मुद्दाम पोसलेली असते. तिथे नवे वाण पेरायचे, आणि कोण मरते, कोण उभे राहते ते पाहायचे. लोक पिके वाढवतात, मी बुरशी वाढवली. गावाने माझे नाव ‘बुरशीसाहेब’ ठेवले. शेजारचा बाबाराव तर निवृत्तीच्या दिवशी पारावर सगळ्यांदेखत म्हणाला, “आण्णा, तुमी तर रिटायर झाले, पर तुमच्या बुरशीला पेन्शन बसली का न्हाई?” मी हसलो नाही. हसणाऱ्यांपैकी एकालाही ठाऊक नव्हते की बुरशी आणि पान यांच्यातली झुंज जवळून पाहणे म्हणजे काय असते.

ती झुंज मी शेतकरी मेळाव्यांतून सांगत असे. सांगण्याची माझी एक पद्धत होती. डागाळलेले एक पान आणि स्वच्छ हिरवे एक पान, दोन्ही वर धरायचो आणि विचारायचो, यातले निरोगी कोणते? सगळे स्वच्छ पानाकडे बोट दाखवायचे. मग मी सांगायचो — बारीक, कोरडा, जागच्या जागी थांबलेला ठिपका ही पानाने दिलेली झुंज आहे. बुरशी जिथून आत शिरू पाहते, तिथल्या आपल्याच पेशी पान मारून टाकते. शत्रूभोवती मेलेल्यांचे कुंपण घालते. आणि हे दुसरे पान? त्याला शत्रू आल्याचे कळलेलेच नाही. दहा दिवसांनी ते सडेल. “स्वच्छ पानाला भुलू नका.” हे माझे वाक्य होते. टाळ्या पडायच्या.

ते वाक्य मला चांगले आठवत होते. त्याही दिवशी आठवत होते. हे मुद्दाम लिहून ठेवतो, म्हणजे पुढे मला स्वतःलाच पळवाट राहणार नाही.

त्या फाल्गुनात करडईचा काटा सविताच्या डाव्या डोळ्यात गेला. ती घरी आली नाही, थेट वेशीजवळच्या गयाबाईकडे गेली. गयाबाई विधवा, एकटी. डोळ्यातले कुसळ, काटा, कोंडा काढण्यात तिचा हात धरणारे पंचक्रोशीत कोणी नव्हते — हात कसला, जीभ. कडुलिंबाच्या पाण्याने चूळ भरायची, समोरच्याचा चेहरा दोन्ही तळव्यांत धरायचा, पापणी उचलायची आणि जिभेच्या टोकाने अलगद पुसून घ्यायचे. काढलेली वस्तू तळहातावर ठेवून दाखवायचीच, असा तिचा नेम. सविताला तिने काट्याचे टोक दाखवले आणि म्हणाली, “बघ गं माय, येवढासा हाय, पर कसा माजलाय सरपंचावानी!” सविता हे सांगताना हसत होती. एक डोळा लाल, त्यातून पाणी वाहतेय, आणि हसत होती.

ती रीत निर्धोक आहे, असे मी आजही म्हणणार नाही. त्या बाबतीत मी माघार घेत नाही. परंतु त्या दिवशी मला राग आला तो काही आरोग्याच्या काळजीने नव्हे. माझ्या घरात रोगशास्त्र जाणणारा माणूस बसलेला असताना माझी सून गयाबाईकडे गेली — याचा राग आला. एवढेच. किती लहान गोष्ट आहे, नाही का?

त्याच हिवाळ्यात माझी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली होती. नंतर टाकायचे स्टेरॉईडचे थेंब मिळाले होते. बाटली निम्मी उरली होती, देवळीत समईमागे ठेवलेली. ते औषध काय करते, हे मला वाचून माहीत होते. डोळ्याची लाली दाबते. आणि लाली म्हणजे काय? बुबुळावरचा काचेसारखा पडदा — त्यात रक्ताची एकही वाहिनी नसते. तिथे शत्रू शिरला तर पहारेकरी काठावरून यावे लागतात. काठच्या वाहिन्या फुगतात, डोळा लाल होतो. लाली म्हणजे निघालेली कुमक. माझी बाटली त्या कुमकेला ‘माघारी फिरा’ असा हुकूम देणारी होती. माझ्या शस्त्रक्रियेनंतर शत्रू नव्हता, म्हणून मला ती योग्य होती. पण करडईच्या काट्यावर काय काय राहते, ते या जिल्ह्यात माझ्याइतके कोणाला ठाऊक होते?

मी सविताला खाटेवर निजवले आणि थेंब टाकले.

दुसऱ्या सकाळी डोळा पांढरा स्वच्छ. मी तिला ओट्यावर बोलावले. बाबाराव होता, आणखी दोघे-तिघे होते. “दाखव,” म्हणालो. तिने पदर सावरून चेहरा उजेडाकडे वळवला. बाबाराव म्हणाला, “आण्णा, आजवर पिकाचे डाक्टर व्हते, आता मानसाचे बी झाले की वो!” आणि मी — मी, ज्याने जन्मभर स्वच्छ पानाला भुलू नका म्हणून सांगितले — मी त्या स्वच्छ डोळ्याकडे बोट दाखवून म्हणालो, “थुंकीने नाही, औषधाने बरे होते.”

तुम्ही म्हणाल, चूक झाली. हातून चुका होतात. थांबा. ती चूक नव्हे. मी अजून तिथे पोहोचलोच नाही.

सकाळ-संध्याकाळ थेंब चालू राहिले. काही दिवसांनी सविता म्हणाली, “मामा, त्या डोळ्यानं धुरकट दिसायलंय.” मी विचारले, लाली आहे का? दुखते का? नाही ना? मग रोग नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणाली. तेव्हा मी तिचा चेहरा खिडकीकडे वळवला आणि माझ्या नव्या, शस्त्रक्रियेने लख्ख झालेल्या डोळ्याने पाहिले. बुबुळावर करडा ठिपका होता. त्याची कड पिसासारखी विस्कटलेली होती.

थांबलेल्या ठिपक्याची कड रेखीव असते. पसरत्या ठिपक्याची पिसकटलेली असते. हे मी शेकडो पानांवर पाहिले होते, नवशिक्यांना शिकवले होते, परीक्षांत विचारले होते. मला शंका आली असे म्हणणे खोटे ठरेल. मला कळले. तिथे उभ्या उभ्या, तिची हनुवटी माझ्या हातात असताना, मला कळले की आत काय चालले आहे आणि ते कोणामुळे चालले आहे.

आणि मी आणखी दोन थेंब टाकले.

का? — कारण थांबलो असतो, तर का थांबलो ते सांगावे लागले असते. कारण ओट्यावर मी तो डोळा दाखवला होता. दुसरे काही कारण मला सापडत नाही, आणि मी पुष्कळ शोधले आहे. शोधताना शास्त्रातही लपून पाहिले. काही बुरशी मेलेल्या पेशींवरच पोसतात. पान जेव्हा स्वतःला जाळून लढते, तेव्हा ते त्यांना आयतेच वाढलेले ताट असते. डोळ्याचा स्वतःचा बचावही डोळ्याला भाजून काढतो, व्रण ठेवतो. तेव्हा लाली दाबली नसती तरीही डोळा गेला असता, असा युक्तिवाद करता येतो. मी तो रात्र-रात्र केला आहे. चांगला युक्तिवाद आहे. पण तो मला त्या खिडकीपाशी सुचला नव्हता, नंतर सुचला.

शेवटी दिसेनासे झाले, तेव्हा परभणीला डॉक्टरांकडे नेले. त्यांनी विचारले, “घरी काही थेंब वगैरे टाकले होते?” बाटली माझ्या बंडीच्या खिशात होती. दाखवावी म्हणूनच घेतली होती — यावर तुम्ही विश्वास ठेवा अगर ठेवू नका. मी म्हणालो, “नाही. गावातल्या एका बाईने जिभेने काटा काढला.”

सविता माझ्या शेजारी उभी होती. प्रत्येक थेंब तिच्या डोळ्यात पडला होता. तिला माहीत नव्हते थोडेच? तिने उजव्या डोळ्याने एकदा माझ्याकडे पाहिले आणि पदर कपाळावर आणखी पुढे ओढला. परक्या माणसासमोर सून सासऱ्याचा शब्द मोडत नाही. ही रीत मी घातलेली नाही. पण त्या दिवशी मी तिच्या आड उभा राहिलो, भिंतीच्या आड राहावे तसा.

जीभ म्हटल्यावर डॉक्टर तोंडातल्या जंतूंच्या मागे गेले. औषध त्याचे दिले. माझे थेंब बंद झाले होते. दबलेली लाली आता दुपटीने उसळून आली, बुबुळाच्या तळाशी पू साचला, आणि सविता भिंतीला डोके टेकवून बसू लागली. कण्हायची नाही. त्या औषधाने हा रोग हटणार नाही, हे घरात एकाच माणसाला ठाऊक होते. तो माणूस ओट्यावर वर्तमानपत्र वाचत होता.

मग पिंगळीहून गाडीने नांदेडच्या डोळ्यांच्या दवाखान्यात. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी बुबुळ किंचित खरवडून काचेवर घेतले. मी काय काम केले ते माणिकने त्यांना मोठ्या अभिमानाने सांगितले होते. त्या म्हणाल्या, “काका, तुमचाच विषय निघाला. बघता?”

मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. ते धागे होते — आडव्या पडद्यांचे, फांद्या फुटलेले, पेशींच्या थरांतून वाट काढत गेलेले. किती वर्षे मी त्यांना माझ्या हातांनी भरवले होते! करडईच्या मुळात, खोडात, पानात मी त्यांना ओळखत होतो. माझ्या सुनेच्या डोळ्यात ते तितक्याच निवांतपणे पसरले होते. घाई नव्हती. त्यांना कोणी अडवलेलेच नव्हते. माझ्या मागून बाई म्हणाल्या, “इतक्या आत शिरायला याला कोणी अडवलं कसं नाही? स्टेरॉईड तर पडलं नव्हतं ना कुठून?”

बघा, दुसऱ्यांदा दार उघडले होते. सविता बाहेर बाकावर होती, माणिक तिच्याजवळ. ऐकणारे कोणी नव्हते. मी सूक्ष्मदर्शकावरून मान वर केली नाही. “नाही,” म्हणालो.

त्यांनी योग्य ते औषध सुरू केले, खूप झटल्या. उशीर झाला होता. आत इतके बिघडले होते की नवे बुबुळ बसवूनही उपयोग नाही, असे सांगितले. परतताना गाडीत सविता खिडकीशी बसली होती. पूर्णेला गाडी थांबली तेव्हा तिने मलाच विचारले, “मामा, चहा घ्यायचा का?”

आता गयाबाईचे सांगतो. ते या साऱ्याहून वाईट आहे.

आम्ही परतल्यावर ती आमच्या दारात आली. उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. म्हणाली, “आण्णा, म्या काटा काढला वो. डोळा न्हाई काढला.” ओट्यावर माणसे जमली होती. मी उठलो, आणि त्या सगळ्यांसमोर लाळ, जंतू, बुरशी, अज्ञान यांवर बोललो. चांगला बोललो. मेळाव्यात बोलायचो तसा. ही बुरशी लाळेतून नव्हे तर काट्यावरून आली, हे जाणून बोललो. ती ऐकत उभी राहिली, मग पदराने तोंड पुसून निघून गेली — तोंड, डोळे नव्हे. जणू तिच्या तोंडालाच काही लागले होते.

त्यानंतर तिच्याकडे कोणी लेकरू नेले नाही. हे एक वेळ बरेच झाले म्हणा. पण लग्नघरी धान्य निवडायला तिला बोलावणे थांबले. बारशाला बोलावणे थांबले. बायका विहिरीवर तिची घागर भरून होईपर्यंत दूर थांबू लागल्या. मला मात्र शाळेत अंधश्रद्धेवर बोलायला नेले आणि शाल-नारळ दिला. शाल मी घेतली. खांद्यावर घालून गावातून घरी आलो.

एकदा तिच्या घरी गेलो होतो. सांगायचेच, असे ठरवून गेलो होतो. ती तांदळातले खडे वेचत होती. “बसा की आण्णा,” म्हणाली. मी बसलो नाही. तोंड उघडले — आणि तिची शेळी आमच्या हरभऱ्यात शिरली होती, त्याबद्दल तिला भरपूर ऐकवून परत आलो. शेळी खरोखर शिरली होती. जन्मभर दुसऱ्यांच्या खोट्याशी भांडलेल्या माणसाला भांडण्याखेरीज दुसरे काही बोलता येत नाही, हे मला तेव्हा समजले. समजून काय उपयोग?

सविता मागच्या वाटेने तिच्याकडे ताक नेऊन देत असे. मला ते माहीत होते. तिने गयाबाईला खरे सांगितले होते की नाही, हे मला माहीत नाही. सांगितले नसेल, तर ती म्हातारी स्वतःच्या जिभेला दोष देत जगली. सांगितले असेल, तर ती सगळे जाणून, वेशीजवळून जाणाऱ्या मला रोज “रामराम आण्णा” म्हणत राहिली. यातले बरे कोणते, ते मला ठरवता येत नाही.

या पौषात गयाबाई गेली. मयताला माणसे थोडी होती. सविता गेली होती. गयाबाईला शेवटची आंघोळ घालायलाही हिनेच हात लावला, असे ऐकले. परत येऊन न्हाली आणि चुलीपाशी भाकरी थापायला बसली. मी जेवायला बसलो — तिच्या डावीकडे. पूर्वी मी समोर बसत असे. डोळा गेल्यापासून डावीकडे बसतो. का, ते तिने कधी विचारले नाही. त्या बाजूने मी तिला दिसत नाही.

ती रडत होती. आवाज नव्हता, भाकरी थापणे थांबले नव्हते. माझ्या बाजूचा तो पांढरा डोळाही वाहत होता. अश्रू हा डोळ्याचा पहिला बचाव आहे. आत राखण्यासारखे काही उरले नसले तरी तो आपले काम करतो. हे मी जाणतो. मी असे पुष्कळ काही जाणतो.

तिने मान न वळवता, अंदाजाने, ताट माझ्याकडे सरकवले. म्हणाली, “मामा, भाजीत मीठ बरोबर हाय का बघा. आज माझं ध्यान न्हाई.”

“बरोबर आहे,” मी म्हणालो.

घास अजून मी मोडलाही नव्हता.